बहिरी खोली

घर बदलून एकोणीस दिवस झाले तरी बाईंची चौदा खोकी जिथे उतरली होती तिथेच होती. पाच जेवणाच्या टेबलाखाली, चार पॅसेजमध्ये, तीन पलंगाच्या पायथ्याशी आणि दोन चक्क मोरीत, बादलीच्या शेजारी. प्रत्येक खोक्यावर बाईंनी आपल्या वळणदार अक्षरात "खेळणी, जपून" असं लिहिलं होतं. मोरीतल्या खोक्यांवरचं "जपून" तेवढं पाणी उडून पुसलं गेलं होतं. आंघोळीला जाताना बाई ते रोज बघायच्या आणि मनातल्या मनात नवऱ्याच्या नावाने शंख करायच्या.

घर घेतानाच तह झाला होता. खोल्या तीन. एक झोपायची, एक बसायची, आणि तिसरी संग्रहाची. त्या तिसरीत खिडकीसमोरची भिंत वस्तादांच्या गाण्यांना, दाराजवळची बाईंच्या खेळण्यांना, आणि मध्ये एक खुर्ची, ज्याला हवं त्याने बसावं. तह तोंडी होता. तोंडी तहाचं जे व्हायचं तेच झालं. वस्तादांनी पहिल्याच दिवशी आपला रेकॉर्ड प्लेयर, दोन कपाटाएवढे स्पीकर आणि नऊशे रेकॉर्ड आत नेल्या, खुर्चीत बसले, आणि दार लावून घेतलं.

वस्ताद म्हणजे बाईंचा नवरा. चाळीस वर्षं त्यांचं रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि धंद्यातले सगळे त्यांना वस्ताद म्हणायचे ते उगाच नाही. गिऱ्हाईक जिन्यात असतानाच त्याच्या काखोटीतल्या रेडिओची खरखर ऐकून ते वर न बघता सांगायचे, "कंडेन्सर गेलाय, उद्या या." दुकानात सुईवाला मीटर होता, पण तो खोट्या हुशारीचं यंत्र आहे असं त्यांचं मत होतं. ज्याला कान नाहीत त्याने मीटर लावावा. ही सगळी फुशारकी होती, पण काय करणार, बेट्याचं खरं निघायचं.

बाई म्हणजे प्राथमिक शाळेतल्या बाई. चौतीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग. वाण्यापासून सुतारापर्यंत सगळे त्यांना बाई म्हणायचे, आणि भांडण फारच पेटलं की नवराही. त्यांच्या खेळण्यांची सुरुवात कशी झाली हे त्या चारचौघांत सांगत नसत, कारण ती सुरुवात सरळसरळ चोरीची होती. वर्गात खेळत बसलेल्या पोरांची खेळणी त्या जप्त करायच्या आणि टेबलाच्या खणात टाकायच्या. वर्षाअखेर परत द्यायचा रिवाज होता, पण काही पोरं मागायलाच यायची नाहीत. कुणी शाळा सोडलेली, कुणी भित्रं, कुणाला आठवणच नाही. पहिल्या वर्षी उरला एक पत्र्याचा बेडूक. दुसऱ्या वर्षी ढोल बडवणारं माकड. तिसऱ्या वर्षीपासून तर बाई वर्गात शिरल्या की नजर फळ्याआधी बाकाखाली जायची. खरं सांगायचं तर पुढे पुढे त्या परत द्यायला जरा टाळाटाळही करायच्या. मग सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात हिंडून पदरच्या खरेदीची भर पडली, आणि आता मोजून दोनशे अकरा नग होते. चावीची, पत्र्याची, लाकडाची, एक पाय तुटलेली, एक डोळा गेलेली.

पण जुन्या घरात जागा कुठली? माळ्यावर तीन ट्रंका होत्या. एक ट्रंक काढायची तर वस्तादांना शिडी धरायला बोलवावं लागे, आणि त्यांचं गाणं संपेपर्यंत ते येत नसत. दोनशे अकराच्या दोनशे अकरा खेळणी एका वेळी, एका नजरेत, बाईंनी जन्मात बघितली नव्हती. वय सहासष्ट झालं होतं. नवीन घर त्यांना त्या एका गोष्टीसाठी हवं होतं. लिफ्ट, मोठं स्वयंपाकघर, उजेड वगैरे त्या लोकांना सांगायच्या, ते सगळं तोंडदेखलं.

आणि वस्ताद म्हणत होते, खोली बहिरी आहे.

"बहिरी म्हणजे?" बाईंनी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं.

"म्हणजे आवाज गिळते. वरचे सगळे सूर खाऊन टाकते. तुला नाही कळायचं."

हे "तुला नाही कळायचं" बाई अडतीस वर्षं ऐकत आल्या होत्या. गाण्यातलं आपल्याला काही कळत नाही हे त्यांनी लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मान्य करून टाकलं होतं, कारण मान्य केलं की शेजारी बसायची सक्ती उरत नाही.

झालं होतं असं, की वस्तादांची एक ठरलेली रेकॉर्ड होती. कुठलीही नवी सुई, नवा स्पीकर, नवी खोली पारखायची तर तीच. एक बाई संथपणे गाते, आणि तिच्या पाठीमागे, फार मागे, कुणीतरी एक बारीकशी घंटी वाजवतं. दर ओळीच्या शेवटी एकदा. टिंग. बस्स, एवढंच. ती घंटी सुटी आणि स्वच्छ ऐकू आली की खोली लागली, असा वस्तादांचा दंडक. आणि नव्या घरात ती घंटी गायब होती.

"तोपर्यंत तुझा पत्रा आत आणायचा नाही," वस्तादांनी बजावलं. "पत्रा आवाजाबरोबर थरथरतो. आधी खोली लागू दे, मग मांड तुझी जत्रा."

मग खोली लावणं सुरू झालं. सुताराला बोलावलं. सुतार पन्नाशीचा, मितभाषी, कानावर पेन्सिल, आणि कुणी काहीही सांगितलं तरी "होऊन जाईल" म्हणणारा. पहिल्या दिवशी त्याने बाईंच्या भिंतीला छान सात फळ्या मारल्या. तिसऱ्या दिवशी खिडकीला जाड पडदा लागला. पाचव्या दिवशी तो काढला, कारण पडदाच सूर पीत होता म्हणे. मग गालिचा गेला. मग छताला प्लाय लागला, उतरला, तिरका लागला. स्पीकर या भिंतीचे त्या भिंतीला गेले आणि तहातली सरहद्द तिथेच बुडाली. वस्तादांनी अ‍ॅम्प्लिफायर तीनदा उघडला. शेवटी नाइलाजाने मीटरसुद्धा लावला. मीटरची सुई घंटीच्या जागी बरोबर उडी मारत होती.

"मीटर बिघडलाय," वस्ताद म्हणाले.

आता गंमत बघा. स्वयंपाकघरात शेंगा निवडत बसलेल्या बाईंना ती घंटी व्यवस्थित ऐकू येत होती. मध्ये दोन भिंती, एक बंद दार, शेजारी नळ ठिबकतोय, तरी टिंग. इतकी वर्षं त्यांनी त्या रेकॉर्डकडे ढुंकून लक्ष दिलं नव्हतं, पण नवरा दिवसातून वीसदा "घंटी कुठाय, घंटी कुठाय" म्हणून बोंबलत असेल तर माणूस काय करेल? कान आपोआप तिकडे लागतो. आधी त्यांना वाटलं, आपण ऐकतोय ती वेगळी घंटी असेल. वस्तादांची घंटी उच्च दर्जाची, खास जाणकारांसाठी असेल. म्हणून पडदा लागला त्या दिवशी त्यांनी चहा द्यायच्या निमित्ताने सुताराला बाजूला घेतलं.

"तुम्हाला काही ऐकू येतं का हो, गाण्याच्या मागे?"

"घंटी ना? येते की," सुतार बशीत चहा ओतत म्हणाला. "चांगली खणखणीत येते. साहेब नेमकी कुठली शोधतायत ते मला कळेना. म्हटलं, आपल्याला काय, सांगतील ते ठोकायचं."

मग एकेक गोष्ट बाईंना दिसायला लागली. नव्या घराची दारावरची बेल चिमणीसारखी चिवचिवते. वस्ताद ती बंद आहे म्हणून दोनदा खोलून बसले होते, आणि दोन्ही वेळा, चालू असलेली बेल दुरुस्त करून, समाधानाने हात पुसत उठले होते. फोन शेजारी वाजला तरी उचलायचे नाहीत. बाई बोलल्या की "काय पुटपुटतेस" म्हणायचे. पण हे आधी ध्यानात यावं तरी कसं? नवरा आपलं ऐकत नाही ही काही आजाराची खूण नव्हे. त्या मापाने अख्खा गाव दवाखान्यात न्यावा लागेल.

आणि जुन्या घरात घंटी ऐकू यायची ती? तीही येत नसणार, बाईंना वाटलं. तिथे ते आठवणीने ऐकत असणार. अडतीस वर्षं त्याच खुर्चीत, त्याच भिंतीकडे तोंड करून तीच रेकॉर्ड ऐकली की घंटी कानात वाजायची गरज उरत नाही, ती डोक्यातच वाजते. नव्या घरात खुर्ची हलली, भिंत बदलली, आणि बिचारा पहिल्यांदा खरोखर ऐकायला बसला.

"नाचता येईना अंगण वाकडं," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. कारण हा माणूस नाचता न येणारा नव्हता. जन्मभर त्याला फक्त तेवढंच तर येत होतं.

त्यांनी लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या गावी, नोकरीवाली, सदान् कदा घाईत.

"आई, सांगून टाक ना सरळ," ती म्हणाली. "वय झालं की होतं असं. यंत्र मिळतात आता, इवलीशी."

"तूच सांग. तुझे लाडके बाबा."

"मी? छे गं. मला नाही जमणार. ते रडले-बिडले तर?"

"ते कशाला रडतील? ते चिडतील."

"चिडले तर चालेल. रडले तर मी काय करू?"

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी, हा प्रश्न उंदरांनासुद्धा सुटला नव्हता, तो या मायलेकींना फोनवर कुठून सुटणार? बाईंनी ठरवलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी ठरवलं, परवा. वस्ताद सकाळी उठून उत्साहाने भिंतींवर टिचक्या मारत फिरायचे, कान लावून बघायचे, वहीत बाण काढायचे. बाई तोंड उघडायच्या आणि त्यातून "चहा घेता का" एवढंच बाहेर पडायचं. असे बरेच दिवस गेले. खोकी मोरीत भिजत होती. आपण भित्र्या आहोत हे बाईंना पुरतं कळत होतं, आणि त्याचा राग त्या नवऱ्यावर काढत होत्या, कारण जवळ तोच होता.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी वस्ताद स्पीकरसाठी फोम आणायला बाहेर पडले आणि बाईंचा बांध फुटला. खड्ड्यात गेली ती घंटी, त्या म्हणाल्या. त्यांनी मोरीतली दोन खोकी फरफटत खोलीत आणली. मग पलंगाजवळची. मग पॅसेजमधली. शेवटी टेबलाखालची. सहासष्टाव्या वर्षी कंबर धरून, एकेक खेळणं कापसातून सोडवून, पुसून, सात फळ्यांवर मांडलं. बेडूक, माकड, बुटाला पॉलिश करणारा माणूस, शेपूट नसलेली मांजर, भोवरे, एक डबा कमी असलेली आगगाडी, गोल फिरणारी बोट, टोपी उडवणारा विदूषक. प्रत्येकाचा मूळ मालक त्यांना आठवत होता. हा नाक पुसत नसे तो. ही पाढे म्हणताना डोळे मिटायची ती. हा मोठा होऊन म्हणे वैमानिक झाला, आणि त्याचं विमान अजून इथे.

दोन तास लागले. मग त्या मागे सरून खुर्चीत टेकल्या. दोनशे अकराच्या दोनशे अकरा समोर होते, एकदम. बाईंना हसू यायला लागलं, मग डोळ्यांतून पाणी, आणि मग दोन्ही एकदम. आपण एवढ्या पोरांना लुबाडलं, असं त्यांना त्या क्षणी वाटलं, आणि त्याचा काडीचाही पश्चात्ताप वाटला नाही.

त्याच वेळी वस्ताद दारात उभे राहिले, काखेत फोमची गुंडाळी.

बाईंना वाटलं, आता आरडाओरडा. पण वस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी फोम खाली ठेवला, मुकाट्याने रेकॉर्ड लावली, आणि खोलीच्या मध्यभागी मान तिरकी करून उभे राहिले. एक ओळ संपली. टिंग. दुसरी संपली. टिंग. बाईंनी माकडाकडे बघितलं. माकडसुद्धा ऐकत असल्यासारखं दिसत होतं.

"गेलं," वस्ताद म्हणाले. "होतं नव्हतं तेही गेलं."

"अहो..."

"अगं, मी एवढं सांगून तू..." ते थांबले. खाली बसले, फोमवरच. "हे बघ. मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय का?"

"रोज मागता. चहा, टॉवेल, चष्मा."

"मस्करी नको. ही खेळणी लेकीकडे पाठव. तिच्याकडे मोठी बाल्कनी आहे. काचेचं कपाट करून देतो मी, सुताराकडून. इथे पत्रा राहिला तर ही खोली कधीच लागणार नाही." त्यांचा आवाज बसला होता. "मला ती घंटी ऐकू आली नाही ना, तर या रेकॉर्ड भंगारात घाल. मी थट्टा करत नाही. मला झोप लागत नाही गं. रात्रभर मी या भिंतींचाच विचार करतो."

अडतीस वर्षांत या माणसाने विनवणी केलेली बाईंना आठवत नव्हती. आणि सगळ्यात वाईट काय, तर त्यांनी होकार दिला. "बरं," त्या म्हणाल्या. "पाठवते." खरं सांगण्यापेक्षा दोनशे अकरा खेळणी देऊन टाकणं त्यांना सोपं वाटलं. भित्रेपणाची ही कमाल झाली.

दुपारी सुतार आला तेव्हा बाई बेडकाला पुन्हा कापसात गुंडाळत होत्या. फळ्यांवर मांडलेल्या खेळण्यांकडे सुताराने बघितलं. तो पहिल्यांदाच "होऊन जाईल" न म्हणता काही वेगळं बोलला. "छान दिसतायत की! काढता कशाला?"

"साहेबांना विचारा," बाई म्हणाल्या.

साहेब कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून टेपने माप घेत होते. सुतार स्टुलावर चढला, छताच्या प्लायचा स्क्रू सोडवायला लागला. बाई दारात उभ्या राहिल्या, हातात बेडूक. समोर नवऱ्याची पाठ, सदऱ्याला भुसा लागलेला, मानेवरचे पांढरे केस वाढलेले. हा माणूस उद्या ही भिंत पाडेल, त्यांच्या मनात आलं. भिंत पाडूनही घंटी येणार नाही. मग दुसरी पाडेल. एक दिवस घर उरणार नाही आणि हा उघड्यावर रेकॉर्ड लावून बसेल, तरी म्हणेल, आभाळ बहिरं आहे.

बाई वर्गात कधी ओरडत नसत. ओरडणाऱ्या बाईंचा वर्ग जास्त गोंगाट करतो हे त्यांना पहिल्या वर्षीच कळलं होतं. वर्ग फार बोकाळला की त्या दारात उभ्या राहायच्या आणि अगदी हळू, कुजबुजल्यासारखं म्हणायच्या, "ज्यांना ऐकू येतंय त्यांनी हात वर करा." पुढच्या बाकावरचे दोन हात वर जायचे, ते बघून मागचे चार, आणि मिनिटभरात वर्ग चिडीचूप. चौतीस वर्षांत हा उपाय एकदाही फसला नव्हता.



"ज्यांना ऐकू येतंय," त्या कुजबुजल्या, "त्यांनी हात वर करा."

स्टुलावरच्या सुताराचा हात वर गेला. स्क्रूड्रायव्हरसकट. शाळा सुटून चाळीस वर्षं झालेला तो बाप्या, पण हात गेला तो गेलाच. गेल्यावर त्याला कळलं आपण काय केलं, आणि तो तसाच, हात वर करून, ओशाळा होऊन उभा राहिला.

वस्ताद माप घेतच होते. मग काहीतरी विचारायला वळले, "अरे, तो प्लाय..." आणि त्यांना स्टुलावर हात वर केलेला सुतार दिसला. दारात बायको दिसली, दोन्ही डोळे भरलेले.

"काय झालं?" वस्ताद म्हणाले. "हा हात का वर करून उभाय?"



"मी काहीतरी विचारलं, साहेब," बाई आता नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. साहेब म्हणायची सवय त्यांना नव्हती, पण तोंडातून तसं निघालं. "मी म्हटलं, ज्यांना ऐकू येतंय त्यांनी हात वर करा."

वस्तादांनी एकदा सुताराकडे बघितलं, एकदा बायकोकडे. टेप त्यांच्या हातातून सुटून सर्रकन आपल्या डबीत गेली.

"मी उद्या येतो," सुतार म्हणाला आणि हत्यारं तिथेच टाकून निघून गेला.

वस्ताद भिंतीला टेकले. बाईंना वाटलं, आता चिडतील. चिडावं अशी त्या प्रार्थना करत होत्या.

"म्हणजे ती घंटी आहे," वस्ताद म्हणाले.

"आहे."

"तुला येते?"

"स्वयंपाकघरात येते. सुतारालाही येते."

"मीटर बरोबर होता."

"हो."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पडदा लागला तेव्हापासून."

"आणि मला छत ठोकू दिलंस! तिरका प्लाय मारू दिलास!" आता ते चिडले, आणि बाईंना हायसं वाटलं. "तोंड शिवलं होतं का तुझं?"

"नव्हतं जमत मला! तुम्ही रोज सकाळी त्या भिंतींना इतक्या आशेने टिचक्या मारायचा. कुठल्या तोंडाने सांगू? घाबरले मी."

वस्तादांचा राग दोन मिनिटंही टिकला नाही. ते खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी आपले कान धरले. हे कान परके असल्यासारखे त्यांनी चाचपून पाहिले.

"लोक मला यांच्यामुळे ओळखतात," ते म्हणाले. "दुसरं काय आहे माझ्याकडे? ना शिक्षण, ना रूप."

"रूप तर कधीच नव्हतं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "यंत्र मिळतं म्हणे. इवलंसं. लेक म्हणत होती."

"तिलाही सांगून झालंय? वा! आता शेजाऱ्यांना बोलवा." मग पडेल आवाजात म्हणाले, "बसवू यंत्र. पण त्याच्या आवाजाची प्रत काय असते ते मला विचार. टिनपाट." त्यांनी हात झटकला. "मांड तुझी खेळणी. सगळ्या भिंती घे. खोली तुझी."

खोली तुझी. एवढं ऐकायला बाईंनी अडतीस वर्षं काढली होती, पण आता त्यांना ती नकोशी झाली. नवऱ्याचे कान जाऊन मिळालेली खोली घेऊन करायचं काय?

त्यांनी बेडूक पहिल्या फळीवर ठेवला आणि रेकॉर्ड प्लेयरपाशी गेल्या. आजवर त्यांनी त्याला फडक्याशिवाय हात लावला नव्हता.

"अगं, सुई! बोटाने नाही! त्या दांडीने उचल! हळू... हळू म्हटलं ना!" वस्ताद अर्धे उठले.

"वर्गात गडबड नको. बसा खाली."

गाणं सुरू झालं. बाई स्पीकरशेजारी उभ्या राहिल्या, आणि पहिली ओळ संपली तशी त्यांनी हात वर केला. वस्तादांनी बघितलं. दुसरी ओळ संपली, पुन्हा हात वर. तिसऱ्या ओळीला वस्तादांचे ओठ आधीच हलले, बरोबर हाताबरोबर.

"डावा स्पीकर दोन बोटं आत घे," ते अचानक म्हणाले. "आता?"

"आता जवळून येते."

"जवळून नको, मागून यायला हवी. ती मागे उभी आहे. थोडा फिरव भिंतीकडे. आता?"

"आता लांबून. पण स्वच्छ."

"माकडाच्या बाजूने काही थरथर?"

"काही नाही. माकड गप्प आहे."

"मग राहू दे माकड."

तासभर असं चाललं. बाईंच्या कमरेचा काटा ढिला झाला, पण वस्तादांच्या अंगात पुन्हा दुकानातला वस्ताद आला होता. हे इकडे, ते तिकडे, उंची वाढव, पुस्तक लाव खाली. पत्र्याच्या खेळण्यांमुळे घंटी उलट जास्त झळकते असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, आणि सकाळी आपण काय म्हणालो होतो ते सोयीस्कर विसरले. शेवटी त्यांनी हात वर करून थांब म्हटलं.

"आता नीट सांग," ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला होता. "जुन्या घरी वाजायची, तशी वाजतेय का?"

ओळ संपली. बाईंचा हात वर गेला आणि तिथेच राहिला.

हो म्हणणं सोपं होतं, आणि वस्तादांना ते खरंही वाटलं असतं. पण खोटं बोलून आजवर काय झालं ते त्या बघत होत्या. जुन्या घरी हीच रेकॉर्ड रोज वाजली होती. त्यांनी तेव्हा शेंगा निवडल्या, वह्या तपासल्या, ट्रंका आवरल्या, गाणं मोठं झालं की दार लोटून घेतलं.

"मला माहीत नाही हो," त्या म्हणाल्या. "तिथे मी ती कधी ऐकलीच नाही."

"अडतीस वर्षांत?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

वस्तादांनी सुई उचलली, रेकॉर्डच्या अगदी सुरुवातीला नेऊन ठेवली, आणि खुर्ची बायकोकडे सरकवली.

"बस," ते म्हणाले. "आता लक्ष देऊन ऐक. इथून पुढे मला तूच सांगणार आहेस."

बाई बसल्या.